मृणालच्या निर्णयाविषयी

फैजपूर
ज्येष्ठ महिना

प्रिय दिगंबर,
सप्रेम नमस्कार.

मृणालला कायरोप्रॅक्टर, म्हणजे हाताने मणके-सांधे हलवून दुखण्यावर इलाज करणारी, व्हायचंय आणि वहिनींना ते अजिबात पटत नाही, असं तू म्हणालास. त्या वेळी दवाखान्यात माणसं बसली होती, नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय. पोरीला नाही म्हणू नकोस. फक्त मोबाइलवर दिसतं ते आणि या कामात रोज करावं लागतं ते, यातलं अंतर तिला आधीच कळू दे.

व्हिडिओत मान वळवली की कड्कन वाजतं आणि माणूस हसत उठतो. बघणाऱ्याला वाटतं, सरकलेला मणका जागेवर बसला. तसं काही होत नाही. सांध्यात पातळ वंगण असतं. सांधा झटक्यात ताणला की आतला दाब उतरतो आणि वायूची पोकळी तयार होते, आवाज तिचा. २०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात बोटाचा सांधा ओढताना एमआरआयवर हे चित्रित झालं. आखडलेला सांधा थोडा मोकळा होतो, दुखणं कमी होतं, हे खरं. पण आवाज आला म्हणजे इलाज झाला, असं धरून चालता येत नाही.

खरं शिकायचं असतं ते कुणाला झटका द्यायचा नाही हे. मागच्या हिवाळ्यात रावेरकडचा एक तरुण मजूर आला. केळीचे घड खांद्यावरून गाडीपर्यंत वाहायचं काम. ‘गादी सरकली, तेवढी बसवून द्या भाऊ’, एवढंच त्याचं म्हणणं. घड वाहणाऱ्याची कंबर दुखते यात नवल काय? पण मी विचारत गेलो. दुखणं रात्री वाढायचं, आडवं पडूनही थांबायचं नाही. संध्याकाळी बारीक ताप. पँट कमरेला सैल झालेली. मी त्याच्या पाठीला झटका दिला नाही, जळगावला तपासणीला पाठवला. मणक्याचा टीबी निघाला. पोखरलेल्या मणक्यावर जोर दिला असता तर तो दबून मज्जारज्जूला इजा झाली असती. औषधं वेळेवर सुरू झाली, आता तो हिंडतो-फिरतो. दिगंबर, त्या दिवशी मी काहीच ‘केलं’ नव्हतं, आणि या धंद्यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं काम तेच आहे.

तसंच, दोन्ही पायांत मुंग्या, लघवीवरचा ताबा गेलेला, बसायच्या जागी बधिरपणा, असा माणूस आला तर त्याला तडक मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. मानेला झटका देताना तर फार जपावं लागतं. क्वचित, पण मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत.

या विद्येचा उगमही तिला माहीत असावा. डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेत आयोवातल्या डेव्हनपोर्टला ती सुरू केली. शंभरातले पंचाण्णव आजार मणके सरकल्यामुळे होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. ते टिकलं नाही. पण कंबरदुखीपुरता या हस्तोपचाराचा उपयोग मान्य झालाय. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शनात औषधाआधी करून पाहायच्या उपायांत तो धरलाय. दमा, शुगर, थायरॉइड मणक्यातून बरं करतो म्हणणाऱ्याच्या हाताखाली मात्र तिला शिकू देऊ नकोस.

आता वाट. अमेरिकेत कॉलेजची काही वर्षं झाल्यावर साधारण चार वर्षांची, किमान ४,२०० तासांची पदवी, मग परीक्षा, मग त्या त्या राज्याचा परवाना. मलेशियात क्वालालंपूरला आणि दक्षिण आफ्रिकेत डर्बनलाही शिकता येतं. पण आपल्या देशात कायरोप्रॅक्टरची वेगळी परिषद नाही, परवाना नाही. म्हणून चार दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून कुणीही माना मोडायला बसतो. याची मला फार चीड येते.

माझं मत विचारशील तर तिने आधी फिजिओथेरपी करावी. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी, परिषदेची नोंदणी. मी केली तेव्हा इंटर्नशिपसह साडेचार वर्षं लागत होती. मग हस्तोपचारात पदव्युत्तर, आणि तरीही ओढ राहिली तर खुशाल परदेशी जावं. शेत गहाण टाकायची गोष्ट त्यानंतर बघू.

काम मिळेल का, ही तुझी काळजी. अरे, आपल्या खान्देशात पाठी किती दुखतात! कापूस वेचणाऱ्या बाया, भुसावळचे रेल्वेवाले, उन्हाळाभर पापड लाटत बसलेल्या आयाबहिणी. ‘कंबर भलती दुखस’ ऐकल्याशिवाय माझा दिवस जात नाही. पण माणूस मजुरी बुडवून येतो, त्याला एका बैठकीत मोकळं व्हायचं असतं. पुन्हा या म्हटलं की येत नाही. म्हणून बांधावर, ओट्यावर करता येईल असा एखादा व्यायाम शिकवावा लागतो, घड उचलताना पाठ कशी ठेवायची ते त्याच्याच कामात दाखवावं लागतं. पैसा सावकाश येतो. माझी पहिली काही वर्षं ओढाताणीचीच गेली, ते तुला माहीतच आहे.

प्रवेश सुरू होण्याआधी तिला आठवडाभर इकडे पाठव. आमच्या घरीच राहील, आई खूश होईल. सकाळपासून दवाखान्यात बसू दे, माणसं काय सांगतात ते ऐकू दे. मी तिला हात लावायला देणार नाही, नुसतं विचारायला शिकवीन. वहिनीही सोबत आल्या तर फारच बरं. त्यांच्या शंकांना तुझ्यापेक्षा मी बरी उत्तरं देईन.

काकांना नमस्कार. त्यांच्या गुडघ्याचा एक्स-रे पाठवायचा राहिलाय, तो आठवणीने पाठव.

तुझा,
प्रशांत