नादिया नदीमबद्दल, फोनवर राहून गेलेलं

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास की ज्याच्यात खरंच दम असतो तो कुठेही नेऊन टाका, वर येतोच, आणि लगेच डेन्मार्कची फुटबॉलपटू नादिया नदीम हिचं नाव घेतलंस. मी तेव्हा नुसतं हं हं केलं कारण तू घाईत होतास, पण ते काही डोक्यातून जाईना. मला वाटतं तिचीच गोष्ट नीट बघितली तर तुझ्या बोलण्याच्या बरोबर उलटं निघतं. म्हणून सविस्तर लिहितोय, लांबेल, निवांत असशील तेव्हा वाच.

तिचा जन्म १९८८ चा, अफगाणिस्तानातल्या हेरातचा. वडील सैन्यात जनरल, आई मुख्याध्यापिका, आणि घरात पाच बहिणी. बॉल वडिलांनीच आणून दिला आणि घराच्या अंगणात भिंतींच्या आत ते पोरींशी खेळायचे. बाहेर तालिबानचं राज्य, मुलींच्या शाळा बंद, बायकांच्या नोकऱ्या बंद. २००० साली वडिलांना एका मीटिंगला म्हणून बोलावलं आणि ते परत आलेच नाहीत, त्यांना मारून टाकल्याचं घरच्यांना पुढे बऱ्याच महिन्यांनी कळलं. आता विचार कर, जिथे बाईला घरातला पुरुष सोबत असल्याशिवाय रस्त्यावर पाऊल टाकता येत नाही तिथे एक आई आणि पाच मुली. त्या आईनं, हमीदा नदीमनं, होतं नव्हतं ते विकून निघायचं ठरवलं. आधी पाकिस्तान, मग खोट्या पासपोर्टवर इटली, मग ट्रकच्या मागे बसून अनेक तास. त्यांना वाटत होतं आपण लंडनला जातोय, तिथे नातेवाईक होते. ट्रकमधून उतरल्या तर ते निघालं डेन्मार्कमधलं रॅन्डर्स.

इथे जरा थांब. या क्षणी ती बाराएक वर्षांची पोरगी आहे आणि तिच्या पायात काय आहे हे जगात कुणालाही माहीत नाही, तिला स्वतःलाही नाही. तू ज्याला दम म्हणतोस तो तेव्हाही तिच्यात असणारच की. पण घराच्या त्या अंगणात तो तसाच राहिला असता, तिथल्या बाकीच्या किती पोरींचा राहिला असेल कुणास ठाऊक.

पुढे झालं काय, तर ऑलबॉर्गजवळच्या ज्या निर्वासित छावणीत त्यांना ठेवलं तिला लागूनच एका फुटबॉल क्लबची मैदानं होती. गुग बोल्डक्लब. कुंपणापलीकडे मुली फुटबॉल खेळतायत हे ती बघत उभी राहायची, मुली अशा उघड्यावर किट घालून खेळू शकतात हेच तिनं पहिल्यांदा पाहिलं. मग एक दिवस धीर करून कोचला विचारलं मी येऊ का, आणि तो हो म्हणाला. बस. मला या सगळ्या करिअरमधली सगळ्यात मोठी घटना ही वाटते, नंतरचे गोल नाहीत. डेन्मार्कमधे असे क्लब गावोगावी आहेत, बरेचसे स्वयंसेवकांवर चालतात, मैदानं बहुतेक नगरपालिकेची, त्यामुळे तिथे एखादी निर्वासित पोर आली तरी कुणाला फार मोठा निर्णय घ्यावा लागत नाही. आई-पोरींना आश्रय मिळाला, शाळा मिळाली, आणि मग क्लब बदलत बदलत ती वर सरकत गेली, बी ५२ ऑलबॉर्ग, विबोर्ग, मग आर्हुसचा स्कोवबाकन. तिथे तर ती बरीच वर्षं होती.

आता खरी गुंतागुंत ऐक, कारण ही कुणी सांगत नाही. २००८ मधे तिला डॅनिश नागरिकत्व मिळालं. वीस वर्षांची, फॉर्मात, नॅशनल टीमला हवी आहे. पण फिफा, म्हणजे जगभरच्या फुटबॉलची संघटना, म्हणाली नाही. का, तर नियम. २००४ च्या सुमारास कतारनं जर्मनीत खेळणाऱ्या ब्राझिलियन खेळाडूंना, त्यात तो आयल्टनपण होता, पैसे देऊन आपल्याकडून खेळवायचा घाट घातला होता, तेव्हा फिफानं घाईनं नियम कडक केला की नव्या देशाकडून खेळायचं असेल तर तिथे किमान दोन वर्षं राहिलेला पाहिजे. आणि २००८ मधे त्या दोनाची पाच वर्षं केली, तीही अठरा पूर्ण झाल्यानंतरची पाच. म्हणजे नादियाला तेवीस पूर्ण होईपर्यंत, २०११ पर्यंत थांबावं लागलं असतं. ती डेन्मार्कमधे लहानाची मोठी झालेली, फुटबॉल तिथेच शिकलेली, पण नियमाच्या लेखी छावणीतली, शाळेतली सगळी वर्षं शून्य! नियम बनवला होता पासपोर्ट विकत घेणाऱ्यांसाठी आणि अडकली कोण, तर जिला पासपोर्टच नव्हता ती. डॅनिश फेडरेशन तिच्या बाजूनं भांडली, आणि फिफाच्या कायदा विभागानं तिच्यापुरता अपवाद केला. २००९ मधे पोर्तुगालमधल्या अल्गार्वे कपमधे अमेरिकेविरुद्ध ती डेन्मार्ककडून उतरली. पुढे शंभराच्या वर सामने खेळली.

२०२० मधे फिफानं तो नियम बदलला, आता वयाच्या दहाव्या वर्षाआधी आलेल्या मुलाला तीन वर्षं पुरतात आणि दहा ते अठरामधे आलेल्याला पाच, आणि ती लहानपणीची वर्षं धरली जातात. या हिशोबानं नादिया सतराअठराव्या वर्षीच पात्र ठरली असती. मला याचा खरंच आनंद झाला होता, कारण अपवाद मिळायला मागे भांडणारी फेडरेशन लागते, आणि ती प्रत्येकीच्या मागे नसते रे.

मधली वर्षं पटकन सांगतो, तुला माहीतच आहेत. २०१२ ला फॉर्च्युना योरिंग हा डॅनिश क्लब, युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या पहिल्याच मॅचमधे ग्लासगो सिटीविरुद्ध दोन गोल. २०१४ ला अमेरिकेत स्काय ब्लू क्लब, सहा सामन्यांत सात गोल, मग पोर्टलंड थॉर्न्स, २०१७ ला लीगचं विजेतेपद. मग इंग्लंडचा मँचेस्टर सिटी, मग पॅरिसचा क्लब पीएसजी, आणि पॅरिसनं २०२१ मधे फ्रेंच लीगमधली लियों क्लबची सलग चौदा विजेतेपदांची मालिका तोडली तेव्हा ती त्या टीममधे होती.

पण २०१७ च्या युरोबद्दल, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेबद्दल, थोडं जास्त लिहिल्याशिवाय राहवत नाही. क्वार्टर फायनल जर्मनीशी, रॉटरडॅमला इतका पाऊस की मॅच दुसऱ्या दिवशी ढकलली. जर्मनी म्हणजे सलग सहा युरो जिंकलेली टीम, आणि सुरुवातीलाच त्यांचा गोल. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला नादियानं हेडरनं बरोबरी केली, शेवटी डेन्मार्क २-१ जिंकलं. फायनल नेदरलँड्सशी, त्यांच्याच देशात एन्स्खेडेला, सगळं स्टेडियम केशरी, आणि सहाव्या मिनिटाला डेन्मार्कला पेनल्टी, ती मारायला नादिया. मारली. ४-२ नं हरले पुढे, पण ती पेनल्टी घ्यायला लागणारी छाती बघ.

आणि ते झाल्यावर काय, तर दोन महिन्यांच्या आत या रौप्यपदक विजेत्या टीमला पगार आणि करारावरून फेडरेशनशी भांडावं लागलं. नेदरलँड्सशी ठरलेली मैत्रीपूर्ण मॅच रद्द, मग स्वीडनविरुद्धची वर्ल्ड कप पात्रता फेरीची मॅचही झाली नाही, ती ३-० अशी स्वीडनला देऊन टाकली. पुरुषांच्या टीमनं आपल्या वाट्याचे पैसे देऊ केले होते, हे मला फार आवडलं. शेवटी करार झाला पण २०१९ चा वर्ल्ड कप काही त्यांना मिळाला नाही. मी हे एवढ्यासाठी सांगतोय की जिच्यासाठी हीच फेडरेशन २००८ ला भांडली होती ती आता त्यांच्याशीच भांडणाऱ्या टीममधे होती, आणि मला यात काही गैर वाटत नाही. निर्वासित म्हणून आलेल्या माणसानं आयुष्यभर फक्त आभार मानत राहावं अशी आपली एक अपेक्षा असते बघ, बोलून दाखवत नाही कुणी पण असते. ती तिनं पाळली नाही. उपकार नव्हतेच ते, ती तिथली नागरिक आहे.

डॉक्टरकीचं तर तू स्वतःच मला सांगितलं होतंस. आर्हुस विद्यापीठात मेडिकल, तेही प्रोफेशनल फुटबॉल खेळत खेळत, सीझन संपला की हॉस्पिटलमधे, परीक्षा, परत सीझन, अमेरिकेतून, इंग्लंडमधून, पॅरिसमधून. २०२२ च्या जानेवारीत ती डॉक्टर झाली, रिकन्स्ट्रक्टिव्ह सर्जन व्हायचंय तिला. त्याच्या काही महिने आधीच गुडघ्याचं लिगामेंट फाटून ती मैदानाबाहेर होती. लोक याला सुपरवुमन वगैरे म्हणतात, मला त्यापेक्षा दुसरंच सुचतं, की ज्या पोरीनं एका रात्रीत सगळं गेलेलं बघितलंय ती एकाच गोष्टीवर सगळं आयुष्य टाकत नाही. आणि आई मुख्याध्यापिका, शिक्षण सोडायचं नाही हे त्या घरात असणारच. हा माझा अंदाज, पण मला तो पटतो.

त्या आईचं काय झालं तेही लिहितो, वाईट वाटतं लिहिताना. २०२२ च्या नोव्हेंबरमधे नादिया कतारला होती, वर्ल्ड कपमधे टीव्हीवर डेन्मार्क-ट्युनिशिया मॅचवर बोलत होती, आणि मधेच तिला उठून जावं लागलं. आईला ट्रकनं धडक दिली होती, जिममधून घरी येताना. सत्तावन्न वर्षांची बाई, पाच मुलींना घेऊन अर्धं जग ओलांडलेली. मी ती बातमी वाचून कितीतरी वेळ काहीच करू शकलो नव्हतो. या करिअरचं श्रेय कुणाला द्यायचं झालं तर माझ्या लेखी पहिलं नाव हमीदाचं, दुसरं त्या कोचचं, आणि मग नादियाच्या पायांचं.

तू म्हणशील एक उदाहरण झालं. अल्फोन्सो डेव्हिस घे मग. आईवडील लायबेरियाच्या यादवीतून पळालेले, हा जन्मला घानाच्या बुडुबुरम छावणीत, पाच वर्षांचा असताना कॅनडात. एडमंटनमधे फ्री फूटी नावाची फुकट लीग, शाळा सुटल्यावर खेळायची, ज्यांच्या आईवडिलांना फी, गाडी, बूट परवडत नाहीत अशा पोरांसाठी. तिथे तो दिसला लोकांना. २०१७ च्या जूनमधे नागरिकत्व मिळालं आणि पुढच्याच महिन्यात गोल्ड कप या देशांच्या स्पर्धेत कॅनडाकडून गोल, मग जर्मनीचा बायर्न म्युनिक क्लब, मग २०२२ ला क्रोएशियाविरुद्ध कॅनडाच्या पुरुषांचा वर्ल्ड कपमधला पहिलावहिला गोल. वेग त्याचा स्वतःचा, कबूल, पण ती फुकट लीग कुणीतरी चालवत होतं म्हणून तो वेग कुणाला तरी दिसला.

आणि शेवटचं, जे मला सगळ्यात जास्त बोलायचं होतं. अफगाणिस्तानची महिला टीम २००७ ला सुरू झाली, नादिया तेव्हा डेन्मार्कमधे. त्या टीमच्या पहिल्या कॅप्टनना, खालिदा पोपलना, २०११ ला देश सोडून पळावं लागलं आणि त्याही डेन्मार्कमधेच निर्वासित म्हणून पोचल्या. २०२१ ला तालिबान परत आलं तेव्हा काबूल विमानतळावरून खेळाडू पोरींना बाहेर काढायला त्याच धडपडत होत्या. बऱ्याच जणी ऑस्ट्रेलियात गेल्या, मेलबर्न व्हिक्टरी क्लबनं त्यांना सांभाळलं, स्थानिक लीगमधे खेळायला लागल्या, पण देश म्हणून खेळायची परवानगी नाही, कारण मान्यता द्यायची तर ती अफगाण फेडरेशननं, म्हणजे पुन्हा तालिबानच्याच हातात. शेवटी २०२५ मधे फिफानं निर्वासित खेळाडूंच्या टीमला मंजुरी दिली, अफगाण विमेन युनायटेड नावानं, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे त्या मोरोक्कोत खेळल्या. पहिली मॅच हरल्या, दुसरी हरल्या, तिसऱ्या मॅचमधे लिबियाला ७-० नं हरवलं. चार वर्षं एकही आंतरराष्ट्रीय मॅच न मिळालेल्या पोरी रे त्या!

यांच्यात दम नव्हता म्हणून चार वर्षं गप्प होत्या का? हे मला तुला विचारायचंय, आणि भांडण म्हणून नाही, खरंच विचारतोय. पटलं नाही तर तसं लिही, फोनवर नको, लिहूनच पाठव. आणि लिबियाविरुद्धचे गोल बघितले नसशील तर आधी ते बघ, मग उत्तर दे.

तुझाच,
मित्र