उतारवय आणि पर्वतीच्या पायऱ्या

महोदय,

परवा नातवाने विचारले, ‘आजोबा, उतारवय वाईट कसं? उतारावर तर सायकल आपोआप पळते!’ शब्दाची फोड त्याने बरोबर केली होती. पण पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज चढणाऱ्या कुणालाही विचारा. चढताना नुसती धाप लागते. गुडघे बोलू लागतात ते उतरताना. अंगाचा सगळा भार पुढच्या पायावर येतो, मग आडवे पाऊल टाकत एकेक पायरी उतरायची. ज्याने हा शब्द घडवला, त्याचेही गुडघे दुखत असणार.

‘दुरून डोंगर साजरे’ मला निवृत्तीनंतर कळले. नोकरीत असताना तो डोंगर हिरवागार दिसायचा. जवळ गेल्यावर गोळ्यांच्या डब्या आणि दर नोव्हेंबरात बँकेत द्यायचा हयातीचा दाखला! ‘साठी बुद्धी नाठी’ मात्र मुळीच मान्य नाही. (घरात यावर दुमत आहे.) आणि चष्म्याला ‘चाळिशी’ का म्हणतात, हे नातवाला कसे पटवावे? त्याला ती सातव्या वर्षीच लागली आहे.

– एक ज्येष्ठ वाचक, पुणे