अळूचे गुण सांगा, पण शिजवण्यासकट

महोदय,

सा. न. वि. वि.

पाऊस स्थिरावला की पुरवण्यांतून आणि मोबाइलवरून अळूचे गुण सांगणारे मजकूर येऊ लागतात. त्यातली जीवनसत्त्वांची यादी बहुतेक वेळा बरोबर असते. पान खायचं कसं हे मात्र कुठेच नसतं, आणि अळूच्या बाबतीत तेच आधी सांगायला हवं.

गेल्या महिन्यात माझ्या भाचेसुनेने असाच एक मजकूर वाचून कच्च्या अळूची तीन पानं काकडी-लिंबाबरोबर मिक्सरमधून काढली आणि अनशापोटी प्यायली. दोन घोट गेले असतील नसतील, तिचा फोन आला : "मावशी, घशात कुसळं गेल्यासारखं होतंय." ओठ सुजले होते, लाळ गिळवत नव्हती. डॉक्टरांनी तिला संध्याकाळपर्यंत दवाखान्यात ठेवून घेतलं.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवत होते. अळूच्या देठाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांच्या जुड्या दिसतात, काडेपेटीत काड्या दाटून बसलेल्या असाव्यात तशा. पान चावलं की त्या जिभेत, घशात रुततात. या सुयांबरोबर असलेल्या एका प्रथिनामुळे चुरचुर वाढते, असं संशोधकांना आढळलं आहे. प्रथिन उष्णतेने मोडतं, आणि पाण्यात विरघळणाऱ्या ऑक्झलेटचा बराच भाग उकळलेल्या पाण्यात उतरतो. ते पाणी ओतून द्यावं. आपल्या आया-आज्या हाताला चिंच किंवा तेल लावून अळू चिरायच्या, देठ सोलायच्या, वडीच्या पानाच्या जाड शिरा लाटण्याने दाबायच्या, फदफद्यात चिंच नाहीतर आंबट चुका घालायच्या. कारण ठाऊक नसेल, पण रीत चोख होती.

आता गुणांबद्दल. 100 ग्रॅम कच्च्या पानांत साधारण 5 ग्रॅम प्रथिनं, 3.7 ग्रॅम तंतू, 52 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, सव्वाशे मायक्रोग्रॅम फोलेट आणि साडेसहाशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. शिजवताना यातलं क जीवनसत्त्व बरंच कमी होतं, हे मान्य करावं लागेल. कॅल्शियम शंभरेक मिलिग्रॅम असलं तरी ऑक्झलेटने बांधलेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. म्हणून "दुधाऐवजी अळू" हा सल्ला चुकीचा आहे. पानांतलं बीटा कॅरोटीन (ज्यापासून अ जीवनसत्त्व बनतं ते द्रव्य) शरीरात शोषलं जायला स्निग्ध पदार्थ लागतो, आणि तो आपल्या फदफद्यात असतोच : तेलाची फोडणी, खोबऱ्याचे काप, शेंगदाणे.

औषधी द्रव्यांचे दावे ऐकले की मला जास्त काळजी वाटते. पानांत ओरिएंटिन, व्हायटेक्सिन यांसारखी फ्लेव्होनॉइड्स ही वनस्पतिजन्य द्रव्यं आहेत, काळ्या देठात जांभळासारखीच अँथोसायनिन्स ही रंगद्रव्यं आहेत, कंदात टॅरिन नावाचं लेक्टिन, म्हणजे साखरेच्या रेणूंना चिकटणारं प्रथिन आहे. त्यांच्यावर प्रयोगशाळेत, पेशींवर आणि उंदरांवर काम झालं आहे. त्यावरून "अळूने कर्करोग बरा होतो" किंवा "मधुमेहाच्या गोळ्या सुटतात" असं लिहिणं म्हणजे आजारी माणसाला फसवणं आहे. अशा वाक्यांवर विश्वास ठेवून कोणी गोळ्या बंद केल्या तर? ज्यांना ऑक्झलेटच्या मुतखड्यांचा त्रास आहे त्यांनी अळू बेतानेच खावं. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारावं, कारण पानांत के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि आहारात ते एकदम वाढवलं की गोळीचा परिणाम कमी होतो.

अळकुड्यांबद्दल तर कोणी फारसं लिहीतच नाही. त्यांच्यातल्या पिष्टाचे कण फार बारीक असतात, म्हणून पचायला हलके. हवाई बेटांवर याच कंदाला कालो म्हणतात. तो शिजवून, कुटून केलेली 'पोई' तिथे तान्ह्या बाळांनाही भरवतात. तिथेही कंद आधी पुरता शिजतो.

माझी विनंती एवढीच, की यापुढे अळूवर काही छापाल तेव्हा "कच्चं खाऊ नये, उकळून पाणी टाकावं" हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात, ठळक अक्षरांत असू द्या. भाचेसुनेने वाचलेल्या मजकुरात ते असतं, तर तिने पानं मिक्सरमध्ये घातली नसती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण