ब्राउझरची निवड नावापुरतीच

संपादक महोदय,

बड्या टेक कंपन्यांच्या मक्तेदारीला आळा घालणाऱ्या युरोपच्या डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे मार्च 2024 मध्ये ॲपलने आयफोनवर वेबकिट या स्वतःच्या इंजिनाखेरीज इतर ब्राउझर इंजिनांना (वेबपान उलगडून दाखवणाऱ्या ब्राउझरच्या गाभ्याला) मुभा दिली. पण ती तेव्हा युरोपीय संघापुरतीच, आणि नव्या इंजिनासाठी वेगळे ॲप काढण्याची अट घातली. म्हणजे जुने वापरकर्ते आपोआप येणार नाहीत, वर दोन-दोन ॲप सांभाळायची. अशा अटींवर कोण पुढे येणार? त्याआधी फेब्रुवारीत तर ॲपलवाले तिथे होमस्क्रीनवरची वेब ॲपच (ॲप स्टोअरमधून न घेता ब्राउझरच्या इंजिनावर चालणारी ॲप) बंद करायला निघाले होते. ओरड झाल्यावर माघार घेतली.

गुजरीतल्या सराफाने वेब ॲप केले, तर इथल्या आयफोनवर क्रोम असो वा फायरफॉक्स, आत वेबकिटच. त्यातला दोष ब्राउझर बदलून जात नाही. केंद्र सरकारच्या प्रस्तावित डिजिटल स्पर्धा विधेयकात इंजिन बदलण्याची मुभा त्याच ॲपमध्ये, साध्या अपडेटने मिळावी, असे स्पष्ट लिहा.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर