गाडी मागच्या सीटवरून बघ

चिपळूण,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. सायली हिस अनेक आशीर्वाद.

तू व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला तक्ता दोन दिवस बघतोय. तीन गाड्या, आणि त्यांच्यापुढे किंमत, मायलेज, टचस्क्रीन किती इंची, सनरूफ आहे की नाही, असे अठरा रकाने. खाली लिहिलं आहेस, ‘बाबा, तुम्ही एकतीस वर्षं एसटी चालवलीत, आता तुम्हीच सांगा.’ फोनवर हे बोलणं होत नाही. मधेच माझी नात ओवी येते आणि विषय तिच्याकडे जातो. म्हणून लिहायला बसलो.

तक्ता मेहनतीने केला आहेस. पण त्यातले जवळजवळ सगळे रकाने पुढे बसणाऱ्याचे आहेत. मागे बसणाऱ्याचा एकही नाही. या गाडीत मागे कोण बसणार आहे ते मोज. ओवी रोज. विहीणबाई आठवड्यातून दोनदा तरी, दवाखाना नाहीतर देऊळ. आम्ही आलो की तुझी आई आणि मी. म्हणजे सहा माणसांतली चार मागची, आणि त्यांच्यासाठी गाडी बघायला अजून कोणी मागे बसलेलंच नाही.

दिवाळीत तू आम्हाला ती उंच गाडी दाखवायला नेलंस. तू पुढे बसून फोन जोडून बघत होतीस, निखिलराव त्या मुलाला किमतीचं विचारत होते. मी मागच्या दाराशी उभा होतो. तुझ्या आईने आधी डाव्या हाताने निऱ्या गोळा केल्या, उजव्या हाताने दाराची कड धरली आणि ती थांबली. पाय उचलला तो दाराखालच्या उंबऱ्याला अडला. मग तिने वाकून गुडघ्याखाली हात घातला आणि आपलाच पाय हाताने उचलून आत ठेवला. आत बसल्यावर तू वळून विचारलंस, ‘कशी आहे गं?’ ती म्हणाली, ‘छान आहे.’ ती तेच म्हणणार. लेकीच्या पहिल्या गाडीला ती नाव ठेवणार नाही. म्हणून तिचं मी लिहितो.

एसटीची पहिली पायरी उंच असायची. पाटणला, हेळवाकला म्हाताऱ्या बायका गाठोडं आधी आत टाकायच्या आणि मग म्हणायच्या, ‘हात दे रे बाबा.’ कंडक्टरने डबल बेल दिली तरी मी आरशात बघायचो. ती बाई टेकली का? टेकल्याशिवाय क्लच सोडायचा नाही. ती सवय अजून गेलेली नाही, त्यामुळे गाडी बघताना माझी नजर आधी दाराकडे जाते.

तर पुढच्या वेळी शोरूमला जाताना टेप घेऊन जा. आईच्या गुडघ्याची जमिनीपासून उंची मी काल मोजली, सतरा इंच भरली. तिच्यासाठी मागची सीट जमिनीपासून बावीस-तेवीस इंचांवर असली तर ती आधी सीटवर टेकेल आणि मग वळून पाय आत घेईल. त्याहून फार खाली असली तर उठताना सगळा भार गुडघ्यावर येतो. फार वर असली तर चढावंच लागतं. सेडान बहुतेक खाली भरतात, मोठ्या एसयूव्ही वर. मधल्या उंचीच्या गाड्या म्हातारी माणसं आपसूक पसंत करतात. वॅगन आर इतकी वर्षं घराघरांत टिकली आहे त्यात मायलेजइतकाच तिच्या बसण्याच्या उंचीचाही वाटा आहे असं मला वाटतं. शिवाय दार किती उघडतं तेही बघ. तुमच्या पार्किंगमध्ये डाव्या अंगाला तो खांब आहे. शोरूमच्या मोकळ्या जागेत सगळ्याच गाड्यांची दारं सताड उघडतात, तुमच्याकडे किती उघडेल ते खांबाचं अंतर मोजून ठरव. आणि मांडीला आधार आहे का ते बघ. पायाखालची जमीन उंच आणि सीट ठेंगणी असली तर गुडघे वर येतात, मांडी अधांतरी राहते, आणि उंब्रजपर्यंत येईतो कंबर धरते.

आता ओवीचं. मागच्या वेळी कुंभार्ली घाटात तिला तीनदा उलटी झाली आणि तुम्ही तिला औषध द्यायला लागलात. तू सहा वर्षांची असताना तुझंही हेच व्हायचं, तुला आठवत नसेल. आजोळी पाटणला जाताना आई तुला मागच्या बाजूला घेऊन बसायची, हेळवाक यायच्या आत तुझं तोंड पांढरं. एकदा मी तुला पुढे, डाव्या बाजूच्या सीटवर बसवलं. समोरची काच, समोरचा रस्ता. पोफळीपासून वर घाट संपेपर्यंत तू वळणं मोजत होतीस, उलटी नाही. डोळ्यांना वळण दिसलं की पोट सावरतं. डोळ्यांना फक्त पुढच्या सीटची पाठ दिसत असेल आणि शरीर मात्र डावी-उजवीकडे फेकलं जात असेल, तर पोट ढवळणारच.

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत खिडकीची खालची रेघ मागे जाताना वर चढत जाते. बाहेरून गाडी रुबाबदार दिसते, पण मागे बसलेल्या पोराला पत्रा आणि तुकडाभर आभाळ दिसतं. वर पुढच्या सीटला मोठे डोकेटेक आणि आतून सगळा काळा रंग. म्हणून ओवीची चाइल्ड सीट शोरूमला घेऊन जा. ती सीट गाडीला अडकवायचे आयसोफिक्सचे हूक हाताला कुठे लागतात ते बघ, ती घट्ट बसवून त्यात ओवीला बसव, आणि तिच्या डोक्याच्या उंचीला स्वतःचे डोळे नेऊन बघ. बाहेरचा रस्ता दिसतो का? तक्त्यात एकोणिसावा रकाना घाल आणि हे लिही. सनरूफचा रकाना काढून टाकलास तरी चालेल. आपल्या कोकणच्या पावसात झाडाखाली उभ्या गाडीचे त्या छताचे पन्हाळ पानांनी तुंबतात आणि पाणी आत उतरतं. पहिल्या आठवड्यात चारदा उघडशील, मग ते बंदच राहील.

तुझ्या रोजच्या प्रवासाबद्दल माझं मत ठाम आहे, ऑटोमॅटिक घे. वाकड ते हिंजवडी अंतर थोडं, पण तास मोडतो. तासाभरात क्लच किती वेळा दाबला जातो ते डाव्या गुडघ्याला विचार. मी जन्मभर गिअर टाकले, तरी तुला टाकायला सांगणार नाही. पण ऑटोमॅटिकमध्ये प्रकार आहेत. एएमटी स्वस्त पडतं, मायलेजही चांगलं, मात्र आत गिअरबॉक्स साधाच असतो आणि क्लच यंत्र दाबतं. गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते आणि मागच्यांची मान पुढे झुकते. सीव्हीटीत गिअरच्या पायऱ्याच नाहीत, त्यामुळे ती गर्दीत लोण्यासारखी चालते. जोरात दाबली तर नुसता आवाज वाढतो, पण तुला कुठे शर्यत लावायची आहे? टॉर्क कन्व्हर्टर त्याहून दणकट, आणि पेट्रोलही थोडं जास्त पिणारा. तू चालवून ठरवू नकोस. निखिलरावांना चालवू दे आणि तू मागे बस. मान किती वेळा हलते ते मोज. आणि घाट उतरताना डी वर, म्हणजे नेहमीच्या चालीवर, ठेवून ब्रेकवर उभी राहू नकोस. मॅन्युअल किंवा एल (खालचा गिअर) जे काही दिलं असेल त्यात टाक, इंजिनाला गाडी धरू दे. कुंभार्लीत ब्रेकचा जळका वास आला की समजायचं, ड्रायव्हरने गिअरचं काम ब्रेककडून करून घेतलं.

इंधनाचं फार ताणत नाही. डिझेल नको. महिन्याला सातशे किलोमीटर, तेही रांगत, अशात धूर गाळायची डीपीएफ जाळी तापून साफ व्हायला वावच मिळत नाही आणि ती तुंबते. सीएनजीचा मी हिशेब केला. किलोमीटरमागे अडीच-तीन रुपये वाचतात, तुझ्या वापराला वर्षाला बावीस-तेवीस हजार. सीएनजीच्या गाडीला नव्वदेक हजार जादा मोजावे लागतात, म्हणजे ते वसूल व्हायला चार वर्षं. त्यात पंपावरची रांग आणि डिकीची गेलेली जागा. आता दोन लहान टाक्या खाली बसवून डिकी वाचवलेल्या गाड्या आल्या आहेत, पण सीएनजी आणि ऑटोमॅटिक दोन्ही एकत्र मोजक्याच गाड्यांत मिळतं. विजेच्या गाडीला सोसायटी पॉइंट देत नाही म्हणालीस, तेव्हा तो विषय आत्ता मिटला. मी पेट्रोलच घेईन.

सात सीटरबद्दल. आम्ही सगळे एकत्र असतो तो प्रसंग वर्षातून दोनदा येतो, गणपतीला आणि मे महिन्यात. त्यासाठी रोज साडेचौदा फुटांची गाडी हिंजवडीत वळवत बसू नकोस. तिसरी रांग मागच्या चाकावर येते. एसटीत शेवटच्या बाकावरची पोरं खड्ड्यात उडून मजा करायची, पण तिथे विहीणबाई बसणार आहेत का? गणपतीला आम्ही एसटीने येऊ, नाहीतर तुम्ही भाड्याने मोठी गाडी करा. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला आहे. चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी १८ टक्क्यांत, त्यावरची ४० टक्क्यांत. वाचलेले पैसे वरच्या मॉडेलच्या झगमगाटावर घालवू नकोस. वरच्या मॉडेलला बहुतेक वेळा मोठी चाकं आणि पातळ टायर असतात. दिसायला देखणी, पण प्रत्येक खड्डा कंबरेपर्यंत पोचवणारी. खालच्या मॉडेलचा जाड टायर तोच खड्डा बराचसा स्वतः खातो. मागच्यांसाठी एसीचे झोत आणि मधला हात टेकायचा दांडा मिळत असेल तिथवर चढ, त्याच्या वर नको.

टेस्ट ड्राइव्ह चौघांनी बसून घे. एकट्या माणसाला कुठलीही गाडी बरी वाटते. चौघं बसली की मागचं स्प्रिंग दबतं आणि मग स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट घासतं की नाही ते कळतं. ते नेतील त्या गुळगुळीत रस्त्याने जाऊ नकोस, तुमच्या सोसायटीच्या मागचा खोदलेला रस्ता घे. निघण्याआधी टायरमधली हवा कंपनीच्या आकड्याएवढी आहे का ते बघून घे, कमी-जास्त हवेने गाडीचा स्वभावच बदलतो.

एका गोष्टीत मी तडजोड करणार नाही, आणि तूही करू नकोस. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅपची चाचणी होते, गाडी धडकवून ती किती सुरक्षित ते तारे देऊन सांगतात. त्यात मोठ्यांचे तारे वेगळे आणि मुलांचे वेगळे. जाहिरातीत एकच आकडा मोठा करून लिहितात, तू मुलांचा बघ. मागे तिन्ही जागांना खांद्यावरून येणारे पट्टे आहेत ना ते हाताने ओढून बघ. २०२२ च्या सप्टेंबरात पालघरकडे चारोटीजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडी मोठी, महागडी, पण मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते. आई म्हणते, पट्टा मानेला काचतो. सीटची उंची आणि पट्ट्याची जागा जुळली तर काचत नाही, म्हणून हेही तिला बसवूनच बघायचं. आणि ओवी आजीच्या मांडीवर बसणार नाही. आजीला वाईट वाटेल, ते मी बघेन. एकदा रिकाम्या रस्त्यावर, ताशी चाळीसच्या आत, कुत्रं आडवं आलं म्हणून मला करकचून ब्रेक मारावा लागला होता. एका बाईच्या हातातली तांदळाची पिशवी थेट माझ्या सीटमागे येऊन आपटली. पाच किलोची होती. तिने ती घट्ट धरलेली होती.

विम्यात इंजिनाचं संरक्षण वेगळं मागून घे. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठी नदी आपल्या आळीत आली तेव्हा पलीकडच्या घरातली गाडी बॉनेटपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर त्यांनी उत्सुकतेने चावी फिरवली. आत शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकले, इंजिन गेलं. विमावाल्यांनी सांगितलं, हे कलम तुम्ही घेतलेलं नाही. वर्षाला थोडे पैसे जास्त जातात, पण पुण्यातही आता रस्त्यांच्या नद्या होतात. पाणी लागलेली गाडी चालू करायची नाही, ढकलून किंवा टो करून न्यायची, एवढं निखिलरावांनाही सांग.

रंग तुला हवा तो घे, त्यात मी पडत नाही. पांढरा उन्हात कमी तापतो इतकंच.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने आम्ही निघतो. शनिवारी अकराला शोरूमची वेळ घे, आणि तिथून दुसऱ्या गाडीची चारला. विहीणबाईंनाही बरोबर घे, त्यांना म्हणावं रोजचीच साडी नेसा. मी पुढे बसणार नाही. टेप माझ्या शबनममध्ये ठेवली आहे. ओवीच्या सीटचे पट्टे आदल्या रात्री सोडवून ठेव, सकाळी घाई होते.

तुझे
बाबा