मृगाच्या बाणाशेजारचा तेजोमेघ

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मार्गशीर्ष अमावास्येला आमच्या गावातली लाइट गेली. रात्रीचे साडेआठ झाले असतील. आठवीतला नातू खळ्यात आला आणि वर बघून म्हणाला, "आजी, एवढे तारे रोज असतात?"

आंब्याच्या कलमांवर मृग चढून आला होता. तीन ताऱ्यांचा बाण उभा दिसत होता आणि त्याच्या जरा उजवीकडे एक पुसट ठिपका होता, फळ्यावरचा खडू बोटाने पुसावा तसा. ह्यांची जुनी बायनॉक्युलर पडवीच्या खांबाला टेकवून नातवाला धरून दिली. ठिपका पसरला, राखाडी, किंचित हिरवट, मध्ये ताऱ्यांचे बारीक कण. बराच वेळ तो बोललाच नाही.

हाच मृगातला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा उजळलेला ढग. मृगाचा पाऊस, मृगाचे किडे आपल्या तोंडी रोज असतात, पण तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असतो. मृग बघायचा तो थंडीत. हा मेघ सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर आहे. त्या रात्री नातवाच्या डोळ्यांत शिरलेला प्रकाश तिथून निघाला, तेव्हा इकडे बादामीच्या चालुक्यांचे राज्य होते. तिथे हायड्रोजन आणि धूळ स्वतःच्याच गुरुत्वाने आवळत जाते, गाभा तापत तापत कोटीभर अंशांच्या घरात जातो आणि तारा पेटतो. मधल्या चार तरुण ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी भोवतालचा वायू उजळलेला आहे. हबल दुर्बिणीला तर तिथल्या नवजात ताऱ्यांभोवती धुळीच्या तबकड्या दिसल्या. अशाच तबकडीतून आपली पृथ्वी झाली. हे नातवाला सांगताना माझ्याच अंगावर काटा आला.

१२ जुलै २०२२ रोजी जेम्स वेब दुर्बिणीचे पहिले छायाचित्रसंच प्रसिद्ध झाले. त्यातले कॅरिना तेजोमेघाचे कात्रण आजही माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले आहे. डोंगरकड्यांसारखी ती तांबूस धूळ आहे. साडेसहा मीटरचा सोन्याचा मुलामा दिलेला आरसा पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर नेऊन माणसाने धुळीपलीकडचे तारे पाहिले. माणसाच्या हातून झालेल्या सुंदर कामांत मी हे फार वर धरते.

आता विनंती. आमच्या किनाऱ्यावर हायमास्ट दिवे बसल्यापासून समुद्राकडचे आकाश पांढुरके झाले आहे. दिवे जेट्टीवर, नाक्यावर हवेतच. पण वाळूवर रात्रभर झोत कशाला? वेळास, आंजर्ल्याला कासवांची पिल्ले उजेडाच्या अंदाजाने समुद्र शोधतात. मागे दिवे असले की ती उलटी गावाकडे चालू लागतात. घरटी होण्याचा हंगाम आणि मृग दिसण्याचा हंगाम साधारण एकच. या महिन्यांत दिव्यांना वरून झाकण बसवावे, झोत खाली वळवावा आणि रात्री दहानंतर किनाऱ्यावरचे दिवे बंद ठेवावेत. आपल्याच राज्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले 'डार्क स्काय पार्क', म्हणजे रात्रीचा अंधार जपणारे उद्यान, म्हणून मान्यता मिळाली. कोकणातल्या एखाद्या ग्रामपंचायतीने तसे ठरवले, तर पर्यटकही अंधार बघायला येतील.

पुढच्या अमावास्येला नातवाचे वर्गमित्र आमच्या खळ्यात यायचे आहेत. बायनॉक्युलर एकच आहे, पाळी लावून बघू.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. दापोली, जि. रत्नागिरी