पॅटर्नच्या खोलीतील वर्गासाठी अण्णांना जाहीर पत्र

आदरणीय अण्णा,

सा. न. वि. वि.

डिप्लोमाच्या मुलांसाठी आपण आपल्या ओतकामाच्या कारखान्यात चालवता त्या संध्याकाळच्या वर्गातून बाहेर पडलेल्या मुलामुलींनी मध्यंतरी आपला सत्कार करायचे ठरवले होते. तेव्हा शाल-श्रीफळाच्या पैशांत ड्रॉईंग शीट किती येतील ते आधी दुकानात विचारून या, असे सांगून आपण आम्हाला वाटेला लावलेत. आपल्यासमोर उभे राहून चार चांगले शब्द बोलायची सोय राहिली नाही, म्हणून हे पत्र सर्वांदेखत लिहीत आहे. त्यात आपले नाव आणि कारखान्याचे नाव घातलेले नाही, कारण ते आपल्याला रुचणार नाही हे ठाऊक आहे. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत ज्यांना ओळखायचे ते ओळखतीलच.

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील मराठी शाळांतून दरवर्षी अशी मुले एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातील दहावी, होतात की ज्यांचे गणित उत्तम असते. ६२५ गुणांपैकी भरघोस गुण मिळवून ती इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला प्रवेश घेतात, गावात पेढे वाटले जातात, आणि पहिल्या सेमिस्टरच्या निकालानंतर त्यातील काही मुले गुपचूप घरी बसतात किंवा एखाद्या वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागतात. बुद्धी कमी पडली असे सगळे समजतात, आणि हळूहळू मुलगाही तसेच समजू लागतो. वास्तविक दहावीपर्यंत जे तो मराठीतून नीट शिकला, तेच एका उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर त्याच्यासमोर इंग्रजीतून येते आणि सोबत इंजिनिअरिंग ड्रॉईंगसारखा कधी न पाहिलेला विषय येतो. पैशाची अडचण दिसते, त्यामुळे तिला मदत करणारे पुष्कळ भेटतात. ही अडचण मात्र गुणपत्रिकेत दिसत नाही, फी भरून सुटत नाही, आणि म्हणूनच तिच्याकडे आपल्याखेरीज कोणाचे लक्ष गेलेले मी पाहिले नाही.

आपले लक्ष का गेले, हे आपण एकदाच आणि तेही चहा पिता पिता सांगितले होते. जांबोटीकडच्या पावसाळी गावातून, भातशेतीच्या घरातून आपण असेच डिप्लोमाला आलात, पहिल्याच वर्षी बाहेर पडलात, आणि फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, साच्यांचे मोल्डिंग बॉक्स भरायला लागलात. पुढचे सगळ्यांना माहीत आहे: जुने लेथ, भाड्याची शेड, रात्रपाळीचे जॉबवर्क, मग स्वतःची भट्टी. आपल्यावर बोलणारे लोक नेहमी लेथपासून सुरुवात करतात. मला त्याआधी सुटलेले ते वर्ष महत्त्वाचे वाटते, कारण हातात चार पैसे आल्यावर आपण त्याच ठिकाणी परत जाऊन उभे राहिलात.

कारखान्याच्या मागच्या बाजूला लाकडी पॅटर्न, म्हणजे साचा पाडण्यासाठीचे वस्तूचे नमुने, ठेवायची जी खोली आहे, तिथेच आपला वर्ग भरे. फळा होता, पण तो फारसा वापरला जात नसे. रिजेक्शनच्या, म्हणजे नापास मालाच्या, ढिगातून आणलेली कास्टिंग (ओतीव वस्तू) टेबलावर मांडलेली असत. एखाद्यात ब्लो होल (वायूने पडलेले भोक), एखाद्यात कोअर (पोकळीसाठी साच्यात ठेवलेला गाभा) सरकलेला. पहिल्या दिवशी माझ्यासमोर आपण एक बेअरिंगचा ब्रॅकेट ठेवलात आणि समोरून दिसतो तसा काढ म्हणालात. मग प्लॅन, म्हणजे वरून दिसणारे चित्र, उभ्या चित्राच्या खाली का काढायचा आणि डावीकडून दिसणारी बाजू उजवीकडे का काढायची, हा कॉलेजात सर्वांना छळणारा प्रश्न मी विचारला. आपण उत्तर दिले नाही. ब्रॅकेटचा दर्शनी भाग वर येईल असा तो कागदावर आडवा ठेवलात आणि सावकाश उजवीकडे लोळवलात. डावी बाजू वर आली. पुन्हा जागेवर आणून माझ्या दिशेने लोळवलात. माथा वर आला. फर्स्ट अँगल प्रोजेक्शन मला त्या संध्याकाळी समजले, आणि त्यासाठी इंग्रजीच काय, मराठीही फारशी लागली नाही.

शेकडेवारी आपण शिकवलीत ती धातूच्या आकसण्यावरून. वितळलेले बीड (ओतीव लोखंड) साच्यात थंड होताना साधारण शंभरात एक इतके आकसते, म्हणून ३०० मिलीमीटरच्या वस्तूचा पॅटर्न ३०३ मिलीमीटरचा करावा लागतो, आणि जिथे मशिनिंग व्हायचे आहे तिथे त्यावर आणखी माया, म्हणजे वाढीव जाडी, सोडावी लागते. हे आम्ही स्वतः मोजून पाहिल्याशिवाय आपण पुढे जात नसत. मायक्रोमीटर हातात देताना तो शंभरांश मिलीमीटर दाखवतो एवढे सांगून आपण थांबत नसत. एकाच गोलाईचे माप प्रत्येकाकडून घेऊन सगळे आकडे शेजारी शेजारी लिहायला लावत. आकडे जुळले नाहीत की कोणाचे खरे, हे आम्हीच ठरवायचे. आज हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी तपासताना, दोन जणांची मापे वेगळी आली की मी तेच करते.

वर्ग मराठी मुलांसाठी म्हणून सुरू झाला असला तरी तो तसा राहिला नाही. बैलहोंगलकडची कन्नड माध्यमाची मुले आली, कॅम्पातील उर्दू शाळेची आली. कन्नड मुलांशी आपण कन्नडमधून बोलत होता, आणि ड्रॉईंगपुढे सगळे सारखेच अडाणी म्हणून सगळ्यांना सारखेच रागावत होता. आपल्या भागात भाषेवरून काय काय होते ते मी येथे सांगायची गरज नाही. त्या टेबलाभोवती मात्र एकमेकांच्या खोडरबरावरून जेवढी भांडणे झाली, तेवढी भाषेवरून झाली नाहीत.

फीच्या पैशांबद्दल थोडक्यातच लिहिते. आपण ते बिनव्याजी उसने देत होता, वहीत मांडत होता, आणि फेडताना ते आपल्याला न देता पुढच्या मुलाच्या फीमध्ये भरायला लावत होता. मला याहून मोठी वाटते ती आपली दुसरी अट. डिप्लोमा झाल्यावर पहिली नोकरी आपल्या कारखान्यात मिळणार नाही, हे आपण वर्गाच्या पहिल्याच दिवशी सांगत असा. स्वस्तात माणसे मिळावीत म्हणून हा उद्योग चालवला आहे, असे कोणी म्हणू नये, हा त्यामागचा हेतू होता. मुलांना शिकवून मग वर्षानुवर्षे बॉण्डवर राबवून घेणारेही दाते असतात, अण्णा, आणि त्यांच्या कार्यक्रमांचे फोटो मोठे छापून येतात. म्हणून ही अट मुद्दाम लिहून ठेवत आहे.

माझ्या वडिलांना संध्याकाळचा वर्ग मान्य नव्हता. आपण त्यांना समजावत बसला नाहीत. खानापूरची बस उद्यमबागेवरून किती वाजता जाते ते विचारलेत, आणि वर्गाची वेळ तीवरून मागे मोजून ठरवलीत. आधी कोणत्याही वेळेला भरणारा वर्ग मुलींच्या बसवर बांधला गेला, त्यावर मुलांनी कुरकुर केली, ती आपण ऐकून घेतली नाहीत. जून २०२३ पासून कर्नाटकच्या शक्ती योजनेत बायकामुलींना राज्याच्या साध्या बसमधून तिकीट पडत नाही, त्यामुळे आता लांबच्या गावांतील मुलीही येऊ लागल्या आहेत. पण बसच्या वेळेचा विचार आधी आपण केलात.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा विषय आपण वर्गात वारंवार काढत असा. आपल्याच जिल्ह्यात, गुर्लहोसूरला १८६९ साली जन्मलेले, थोरल्या भावाच्या जोडीने बेळगावात सायकलचे दुकान चालवणारे, पुढे लोखंडी नांगर करणारे आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसवणारे लक्ष्मणराव सर्वांना ठाऊक असतात. ते त्याआधी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ड्रॉईंग शिकवत होते, हे आपण आवर्जून सांगत होता. त्याच किर्लोस्करांच्या कारखान्यासाठी काही काळ काम केलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, हेही आपल्याच तोंडून प्रथम ऐकले. कारखाना आणि शाळा या दोन गोष्टी आपल्या भागात पूर्वीपासून इतक्या जवळ नांदत आल्या आहेत, हे आम्हाला कोणत्याच धड्यात भेटले नव्हते.

आता एक कामाची गोष्ट. डॉक्टरांनी आपल्याला संध्याकाळी विश्रांती घ्यायला सांगितली आहे, असे वहिनींकडून कळले. आपल्या जुन्या मुलांनी वार वाटून घेतले आहेत. मंगळवार आणि शनिवार माझ्याकडे आहेत, आणि कन्नड मुलांना अडचण येऊ नये म्हणून बैलहोंगलचा आपला विद्यार्थी गुरुवारी येणार आहे. टेबलावरचा दिवा मंद झाला आहे, तो बदलायचा आहे, आणि दोन नवे मायक्रोमीटर घ्यायचे आहेत. त्याचे पैसे आम्ही जमवले आहेत, आणि ते वहीत आपल्या नावावर मांडू देणार नाही. जूनची नवी तुकडी यायच्या आत पॅटर्नच्या खोलीची किल्ली वहिनींकडे ठेवावी, एवढी विनंती. रिजेक्शनची कास्टिंग मात्र आपणच निवडून द्यावीत. कोणत्या दोषातून काय शिकवता येते, ते अजून आम्हाला आपल्याइतके कळत नाही.

आपली विद्यार्थिनी,
खानापूरच्या बसने येणारी